‘फेस्सुल बिन तुर्की’चा पाव आणा: मस्कतच्या नाण्यावर आपला आणा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांच्या लाकडी पेटीत तांब्याचं एक नाणं सापडलं. एका बाजूला रोमन अक्षरांत ‘फेस्सुल बिन तुर्की’, ‘इमाम’, ‘मस्कत’, ‘ओमान’ असं काहीबाही, त्यातच पाव आण्याचा आकडा. दुसऱ्या बाजूला अरबी. साल १३१० वाटतं. पणजोबा बोटीवर खलाशी होते असं घरात सांगतात. हे कुठल्या संस्थानाचं? परदेशी असेल तर त्यावर आणा कसा? आणि विकलं तर किती येतील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. फारसे येणार नाहीत. हे नाणं दुर्मिळ नाही, बऱ्या अवस्थेतलं असलं तरी सहसा काही शे रुपयांचा मामला. कोणी ‘अरबी सुलतानाचं आहे, लाखात जाईल’ म्हणालं असेल तर त्याला चहा पाजा आणि नाणं परत पेटीत ठेवा. पण ‘परदेशी असेल तर त्यावर आणा कसा’ हा प्रश्न मात्र तुम्ही नेमका विचारलात. त्या सुलतानाची सगळी कारकीर्दच त्या एका आण्यात बसते.

आधी साल. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. देवनागरी डोळ्याने वाचणारा प्रत्येकजण इथे फसतो, मीही फसलो होतो. तेव्हा तुमचं १३१० हे १३१५ असणार; शिवाय या सुलतानाची तांब्याची नाणी १३११ पासूनच सुरू होतात. हे साल हिजरी. हिजरी १३१५ म्हणजे जून १८९७ ते मे १८९८. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली तो जून महिना याच हिजरी सालातला. म्हणजे नाणं सव्वाशे वर्षांचं आहे, खिलजीच्या काळातलं नव्हे. (हसू नका. ‘१३१५ सालचं’ म्हणून खिलजीच्या नावाने हेच नाणं विकायला आणलेला माणूस मी पाहिला आहे. खिलजीच्या नाण्यावर रोमन अक्षरं कुठून आली, हे विचारल्यावर तो रागावून निघून गेला.)

आता नाव. ‘फेस्सुल बिन तुर्की’ म्हणजे फैसल बिन तुर्की, आल बू सईद घराण्याचा मस्कतचा सुलतान, राज्यकाळ १८८८ ते १९१३. फैसलचं ‘फेस्सुल’ आणि तुर्कीच्या शेवटी दोन ‘ई’ ही त्या काळच्या इंग्रजी कचेऱ्यांची तऱ्हा. ज्यांनी पुण्याचं ‘पूना’ आणि शिंद्यांचं ‘सिंदिया’ केलं त्यांचीच. अरब राजाने आपल्या तांब्याच्या पैशावर आपलं नाव इंग्रजीत लिहावं, आणि तेही इंग्रज कारकुनाच्या उच्चाराने, यात निम्मी गोष्ट आली.

उरलेली निम्मी समजायला थोडं मागे जावं लागेल. फैसलचा आजोबा सईद बिन सुलतान हा इकडे मस्कत आणि तिकडे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं झांजिबार बेट अशा दोन्ही टोकांना राज्य करणारा दर्यावर्दी राजा. तो १८५६ मध्ये समुद्रावरच वारला आणि मुलांत भांडण जुंपलं. थोरला थुवैनी मस्कत धरून बसला, माजिद झांजिबार. लवंगांचा पैसा सगळा झांजिबारात आणि मस्कतकडे खजूर, मासळी आणि खडक. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय कॅनिंग याने १८६१ मध्ये निवाडा दिला: दोन राज्यं वेगळी, आणि झांजिबारने मस्कतला दरवर्षी ४०,००० रियाल (तिकडे चालणारं मोठं चांदीचं नाणं) द्यायचे. झांजिबारने ते धड दिले नाहीत. शेवटी १८७३ मध्ये बार्टल फ्रियर, जो आधी आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा करार करायला या भागात आला. फैसलचा बाप तुर्की बिन सईद याने सही केली आणि त्यानंतर ती रक्कम झांजिबारऐवजी इंग्रज सरकारच्या तिजोरीतून येऊ लागली. किती? वर्षाला ८६,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ७,२००.

रियाल होते, रुपये झाले. तुमच्या आण्याचा उगम मी तरी इथे धरतो. भावाभावांतला वारसाहक्काचा पैसा होता, तो सरकारी तनखा झाला. तुर्कीला हे नवं नव्हतं म्हणा. गादीवर बसण्याआधी तो इंग्रजांची नेमणूक घेऊन मुंबईत राहिलेला माणूस होता. तनखा देणारा तो बंदही करू शकतो, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तरीही नाण्यावर राणी व्हिक्टोरिया नाही. हे तुमच्या लक्षात आलं नसेल तर नाणं पुन्हा बघा. धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांचे १८८७-८८ चे पाव आणे घेतले तर एका बाजूला राणीचं तोंड आहे. १८७६ च्या कायद्याने ज्या संस्थानांनी आपली नाणी सरकारी टाकसाळीत पाडून घेतली त्यांना ते तोंड घ्यावं लागलं. मस्कतला तशी सक्ती नव्हती, कारण मस्कत संस्थान नव्हतंच. १८६२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मिळून जाहीर केलं होतं की मस्कत आणि झांजिबारच्या सुलतानांचं स्वातंत्र्य दोघंही मानतील. इंग्रजांना पुढे हा कागद फार बोचला. फ्रान्स डोळ्यांत तेल घालून बसलेला असल्यामुळे मस्कतला संरक्षित राज्य म्हणून जाहीर करता येईना. मग त्यांनी मार्ग काढला. मार्च १८९१ मध्ये फैसलशी मैत्री आणि व्यापाराचा उघड करार केला, त्यात आयात मालावर ५ टक्क्यांहून जास्त जकात लावायची नाही असं बांधून घेतलं, आणि लगेच एका गुपचूप कागदावर लिहून घेतलं की सुलतान आणि त्याचे वारस आपल्या मुलखाचा तुकडासुद्धा इंग्रजांखेरीज कोणाला विकणार, गहाण टाकणार किंवा देणार नाहीत.

म्हणून राणी नाही पण आणा आहे. तुमचा प्रश्न होता ना, कुठल्या संस्थानाचं? कागदोपत्री कुठल्याच नाही. व्यवहारात विचाराल तर उत्तर द्यायला मला जड जाईल.

आता धातूकडे येतो, कारण ही बाजू नाणी जमवणारेही सोडून देतात. त्या काळी मस्कतच्या बाजारात चांदीचा मोठा व्यवहार चाले तो ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या रियालात. राणी मेली १७८० मध्ये; नाणं त्याच सालाने, त्याच तोंडाने पुढे पडत राहिलं, कारण अरबस्तानात लोकांना तेच तोंड हवं होतं. वजन २८ ग्रॅमच्या किंचित वर, त्यात शुद्ध चांदी सुमारे २३.४ ग्रॅम. आपला रुपया ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १०.७ ग्रॅमच्या आसपास. भागाकार करून बघा, एका रियालात दोन रुपये आणि वर तीन आण्यांची चांदी. वरच्या तनख्यात ४०,००० रियालांचे ८६,४०० रुपये झाले म्हणजे दर २ रुपये अडीच आणे धरला. धातूच्या हिशेबाला जवळ, फसवणूक नाही.

पण जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. चांदी जगभर स्वस्त होत चालली होती आणि रुपया तिच्याबरोबर बुडत होता. टाकसाळ बंद झाल्यावर रुपया चांदीपासून सुटला, त्याची किंमत आता त्यातल्या धातूपेक्षा जास्त. रियाल मात्र चांदीच राहिला आणि चांदीबरोबर घसरत गेला. मस्कतच्या सुलतानाला याचा एक चमत्कारिक फायदा झाला, त्याचा तनखा रुपयांत असल्यामुळे त्याच ७,२०० रुपयांत जास्त रियाल येऊ लागले. बाजारात मात्र दोन चांदीच्या नाण्यांचं नातं रोज बदलू लागलं आणि चिल्लर कोणत्या नाण्याशी बांधायची हा प्रश्न उभा राहिला.

हिजरी १३११ सुरू झालं ते जुलै १८९३ मध्ये. फैसलचं पहिलं तांब्याचं नाणं त्या सालचं. टाकसाळी बंद झाल्यानंतर महिनाभराच्या आत सुरू झालेलं हे वर्ष. या दोन गोष्टींचा संबंध होताच असं मी म्हणणार नाही. पण त्याने आपली चिल्लर रियालाच्या नव्हे, रुपयाच्या हिशेबात पाडली हे नाणंच सांगतं. दोनच किमती: पाव आणा आणि एक बारांश आणा. म्हणजे आपला पैसा आणि आपली पै. रुपयाचे ६४ आणि १९२.

तांबंच का? कारण चांदीत त्याला शिरकाव नव्हता. चांदीचं नाणं लोक वजनाने आणि ओळखीच्या तोंडाने घेतात. फैसलच्या नावाचा रियाल वाळवंटातल्या बदूने दातांखाली धरून परत केला असता. तांब्याचं तसं नसतं. तांब्याच्या चकतीवर पाव आणा लिहिला की ती आतल्या धातूपेक्षा महाग होते आणि मधला फरक पाडणाऱ्याच्या खिशात जातो. पैशाची चणचण असलेल्या राजाला एवढीच टाकसाळ परवडते. त्याची दुसरी बाजूही आहे. गरजेपेक्षा जास्त पाडलं की बाजार गप्प बसत नाही. एका रियालाला किती पैसे हे मस्कतशेजारच्या मत्रह बंदरातल्या सराफाने सकाळी ठरवायचं, सुलतानाच्या छापाने नव्हे.

आणि त्या बाजारात बसलेले कोण? कच्छचे भाटिया, सिंध-कच्छकडचे खोजे. मांडवीहून गेलेल्या रतनशी पुरुषोत्तम यांच्यासारख्या व्यापाऱ्यांकडे मस्कतच्या जकातीचा मक्ता असे. मक्तेदार सुलतानाला ठरलेली रक्कम द्यायचा आणि बंदरातली जकात स्वतः वसूल करायचा. सुलतानाला आगाऊ कर्जही तोच द्यायचा. हिशेबाच्या वह्या गुजरातीत, हिशेब रुपये-आण्यांत, माल मुंबई-कराचीचा, बोटी मुंबईच्या. अशा गावात पाव आण्याचं नाणं काढणं म्हणजे सुलतानाने आपल्या दुकानदारांच्या भाषेत बोलणं. ‘वसाहतवादाचा शिक्का’ असं एका दमात म्हणून मोकळं होणं मला पटत नाही ते यामुळेच. आणा तिथे राणीच्या हुकमाने पोचला त्याच्या आधी तांदळाच्या पोत्याबरोबर पोचला होता.

आता तुमच्या नाण्यावरचा ‘इमाम’ हा शब्द. मला विचाराल तर सगळ्यात धाडसाचं काही या नाण्यावर असेल तर हेच. ओमानचे लोक बहुतांशी इबादी पंथाचे. त्यांचा इमाम जन्माने होत नाही, विद्वान आणि टोळीप्रमुख मिळून निवडतात. आल बू सईद घराण्यातल्या मस्कतच्या राज्यकर्त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून निवडून येण्याचा नाद सोडला होता. ते स्वतःला सय्यद म्हणवत, इंग्रज त्यांना सुलतान म्हणत. फैसलला कोणीही इमाम निवडलेलं नव्हतं. तरी तांब्यावर ‘इमाम’ आणि पुढे ‘मस्कत आणि ओमान’. मस्कत म्हणजे किनारा, ओमान म्हणजे डोंगरापलीकडचा आतला मुलूख, जिथे त्याचा शब्द फारसा चालत नसे. आतल्या टोळ्यांना हा दावा किती मान्य होता ते फेब्रुवारी १८९५ मध्ये दिसलं. या टोळ्या रात्री मस्कतमध्ये घुसल्या, सुलतानाला राजवाडा सोडून जलाली किल्ल्यात आसरा घ्यावा लागला, आणि बरेच दिवस किल्ल्यांवरच्या तोफा त्याच्याच गावावर डागल्या जात होत्या. इंग्रजांनी त्याला सोडवलं नाही. उलट दंग्यात हिंदी व्यापाऱ्यांचं, म्हणजे ब्रिटिश प्रजेचं, जे नुकसान झालं त्याची भरपाई त्याच्याच गळ्यात पडली.

त्यामुळे तो फ्रेंचांकडे झुकला, यात नवल नाही. १८९८ मध्ये त्याने मस्कतजवळच्या बंदर जिस्सा इथे फ्रेंचांना कोळशाचं ठाणं देऊ केलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये ‘एक्लिप्स’ ही इंग्रजी युद्धनौका ॲडमिरल डग्लसला घेऊन बंदरात उभी राहिली आणि सवलत रद्द न केल्यास राजवाड्यावर तोफा डागू असं त्याला कळवण्यात आलं. त्याने रद्द केली. तुमचं १३१५ चं नाणं त्या दिवसांत बाजारात हातोहात फिरत असणार, ‘सुलतान-इमाम’ असं मिरवत. पुढच्या गोष्टी भराभर: १९०३ मध्ये तो राज्य सोडून द्यायची भाषा करू लागला, त्याच साली कर्झन येऊन दरबार घेऊन गेला, १९१२ मध्ये बंदुकांचा व्यापार आवळला गेला आणि बदल्यात आणखी वर्षाला १ लाख रुपये आले, १९१३ मध्ये आतल्या टोळ्यांनी सालिम बिन राशिद अल-खरूसी याला खरोखरचा इमाम निवडलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये फैसल वारला. आजारी होता. पण मरताना डोंगरात दुसरा इमाम होता आणि नाण्यांवर अजून तो स्वतः.

आता हातातल्या नाण्याबद्दल. दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसा, सोबत भिंग आणि सोनाराचा छोटा वजनकाटा. आपल्या राणीछाप पाव आण्याचं वजन ६.४७ ग्रॅम, रुंदी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. तोच मापदंड धरून तुलना करा. या सुलतानाची काही नाणी यंत्राची, सफाईदार आहेत. पण १३१५ च्या सुमाराची बरीचशी मस्कतमध्येच पाडलेली. ती लगेच कळतात. चकती नीट गोल नसते, ठसा मधोमध बसलेला नसतो, एका कडेला ठिपक्यांची रांग पूर्ण तर दुसऱ्या कडेला कापलेली. अक्षरं बघा. रोमन अक्षरं कधी जाड, कधी बारीक, मधेच एखादं वाकडं. अरबी मात्र बहुधा सुबक. कोरणाऱ्याला अरबी येत होतं आणि इंग्रजी तो चित्रासारखं उतरवत होता, असं माझं मत झालं आहे. माझ्याकडे या सालचे अकरा पाव आणे आहेत आणि त्यातले कोणतेही दोन तंतोतंत एक नाहीत. ठसे सारखे झिजायचे, फुटायचे, नवे कोरले जायचे. या नाण्याची गंमत भावात नाही, या फरकांत आहे.

एक काम मात्र अजिबात करू नका. घासू नका. पहिल्यांदा हे नाणं माझ्या हाती आलं तेव्हा मी चिंच आणि मीठ लावून ते देव्हाऱ्यातल्या ताम्हनासारखं लखलखीत केलं. शंभर वर्षांत चढलेला तो काळपट तपकिरी रंग दहा मिनिटांत गेला, बारीक अक्षरांच्या कडा गोल झाल्या आणि वर एक गुलाबी रंग आला तो अजून तसाच आहे. ते नाणं मी मुद्दाम वेगळ्या पाकिटात ठेवलं आहे. हिरवट बुरशीसारखं काही वाढत असेल तरच ते कोरड्या लाकडी काडीने हळूच काढा, बाकी साधं कागदी पाकीट पुरे. आणि विकायचं झालंच तर देशातच. शंभर वर्षांवरचं नाणं आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ऑनलाइन कोणी दुबईहून जास्त भाव देतो म्हणून पोस्टात टाकाल तर नसतं लचांड मागे लागेल.

पणजोबांचं काय? खलाशी असतील तर मुंबई-कराची-मस्कत-बसरा ही आगबोटींची नेहमीची वाट होती आणि बंदरात चहा-विडीला मिळालेली मोड खिशात तशीच घरी यायची. मुंबईत कोणी ते नाणं सहज घेतलं नसतं, म्हणूनच ते खर्च न होता उरलं. ये-जा दोन्हीकडून होती. फैसलचा मुलगा तैमूर राज्य सोडल्यावर मुंबईत येऊन राहिला आणि १९६५ मध्ये इथेच वारला. त्या आधी काही वर्षं, १९५९ पासून, रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या रुपयांच्या नोटा काढत होती आणि ओमानात १९७० पर्यंत तो आखाती रुपया चालत होता. आज तिथे एका रियालाचे हजार ‘बैसा’ होतात. बैसा म्हणजे पैसाच. अरबीत ‘प’ नाही.

एवढं सगळं करून पेटी पुन्हा एकदा उपसा. अशा खलाशांच्या पेट्यांत तांब्याच्या जोडीला कधी कधी पदरवाल्या जाड बाईचं मोठं चांदीचं नाणं निघतं, १७८० सालचं. निघालं तर त्याचा फोटो पाठवा, आणि खालची बारीक अक्षरं स्पष्ट दिसतील असा. ते १७८० चं बहुधा नसेल. १९४०-४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ते रियाल मुंबईच्या टाकसाळीतही पाडले गेले आहेत.